ळ आला आणि डेटा गेला

डेटा गेला हे मला सोमवारी सकाळी गॅलरीत चहा पिताना कळलं. हातातला फोन एकदम गप्प झाला. पडद्यावर एक चाक गरगरत राहिलं आणि खाली अक्षरं उमटली : 'आपला या महिन्याचा डेटा संपला आहे.' महिना तर आत्ता कुठे सुरू झाला होता. माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "अरेरे, गेला!"

इथेच चुकलं. आमची ही गेल्यापासून आमच्या जिन्यात 'गेला', 'गेली' हे शब्द जपून वापरावे लागतात. दूध उतू गेलं, वीज गेली, बस गेली, काहीही म्हटलं तरी समोरच्या वहिनी हातातलं काम टाकून धावत येतात. वहिनी शिवणकाम करतात. गळ्यात मोजपट्टी आणि ओठांत टाचण्या, त्यामुळे त्यांचं पहिलं वाक्य मला समजलंच नाही. टाचण्या हातात घेऊन त्यांनी परत विचारलं, "कोण गेलं हो भाऊजी?"

"डेटा गेला."

"अगं बाई! कुठले होते?"

डेटा म्हणजे माणूस नव्हे हे त्यांना पटवेपर्यंत माझा चहा निवला. पटल्यावर त्या चिडल्या. "मग एवढं ओरडायचं कशाला? माझ्या मशीनखाली बाही तशीच राहिलीय अर्धी," म्हणाल्या आणि गेल्या. म्हणजे आपल्या घरी गेल्या.

पण ओरडण्यासारखंच होतं. तो फोन माझा नाही, हिचा आहे. माझा स्वतःचा फोन बटणांचा. त्यावर बोलता येतं, यापलीकडे त्याला कसली हौस नाही. हिच्या फोनवर एक शब्दांचा खेळ आहे. एकानं शब्द द्यायचा, दुसऱ्यानं त्याच्या शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द द्यायचा, अशी साखळी. हा खेळ ही तिच्या मोठ्या बहिणीशी खेळायची. ताई दुसऱ्या गावी राहतात, गुडघ्यांमुळे त्यांना प्रवास होत नाही. दोघींचा एकच डाव वर्षानुवर्षं चालू होता. ही गेली तेव्हा ताईंचा शब्द येऊन पडलेला होता आणि चाल हिची होती.

मी ती चाल खेळलो. का खेळलो ते नीट सांगता येणार नाही. ठरलेल्या मुदतीत चाल आली नाही तर तो डाव बंद होतो आणि ज्याची चाल राहिली त्याच्या नावापुढे 'पराभूत' असं लाल अक्षरांत येतं. हिच्या नावापुढे पराभूत! ही बाई आयुष्यात माझ्याशी कधी वादात हरली नाही. ते लाल अक्षर मी येऊ देणार नव्हतो, एवढंच.

पहिली चाल खेळलो त्या दिवशी लगेच ताईंचा फोन आला.

"कोण खेळलं?"

"मी, ताई."

त्यांनी तो शब्द पुन्हा एकदा अक्षर अक्षर वाचला. मग म्हणाल्या, "'मूल' लिहिताना मु पहिला काढलाय तुम्ही, मीटरवाले. दुसरा असतो. ती असती तर तिनं तुम्हाला जेवायला दिलं नसतं."

मीटरवाले म्हणजे मी. वीज कंपनीत घरोघरी जाऊन मीटर वाचण्यात माझी नोकरी झाली. ताईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेच मुळी त्यांच्या दाराशी, हातात बॅटरी घेऊन. तेव्हापासून लग्नातही आणि लग्नानंतरही मी मीटरवालाच.

तर अशी साखळी चालू झाली आणि मग ताईंनी मला ळ द्यायला सुरुवात केली.

ळ वरून मराठीत शब्द सुरू होत नाही. करून बघा. शब्दाच्या शेवटी ळ हवा तेवढा मिळेल, मधेही मिळेल, पण सुरुवातीला उभा राहायची त्याची तयारी नाही. शब्दाचा शेवट ळ वर केला की समोरचा अडकला. हा डाव आमच्या हिचा. ताईंना ती सारखे ळ द्यायची आणि स्वयंपाकघरात एकटीच हसत बसायची. आता ताई त्याचा सगळा वचपा माझ्यावर काढत होत्या. 'गोंधळ', म्हणाल्या. 'धावपळ', म्हणाल्या. 'वादळ', 'कोल्हाळ'. कोल्हाळ असा शब्द नाही, तो कोलाहल, असं मी कळवलं, तर आमच्याकडे कोल्हाळच म्हणतात, असं उत्तर आलं. खेळानंही तो शब्द चालवून घेतला. त्याला काय, त्याला ळ मिळाला.

अडकल्यावर खेळातून सुटायचा एकच रस्ता असतो. पडद्यावर हिरवं बटण येतं : 'जाहिरात पाहा आणि सुटका मिळवा.' जाहिरात शेवटपर्यंत पाहिली की कुठल्याही अक्षरावरून नवा शब्द देता येतो. म्हणजे एक ळ, एक जाहिरात.

जाहिरातींबद्दल मला आधी काही माहिती नव्हती. एक बाई हसून बोलायला लागायच्या. थोड्या वेळानं कोपऱ्यात फुली यायची, ती दाबली की त्या जातात, असं मला पुढे कळलं. पण कुणी आपल्याशी बोलत असताना मधेच दार लावून घ्यायचं, हे मला जमत नाही. नोकरीत माझ्या तोंडावर पुष्कळ दारं लागली आहेत, तेव्हा कसं वाटतं ते मला ठाऊक आहे. म्हणून मी प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घ्यायचो. एका राजाच्या महालात पाणी भरत होतं आणि एक खिळा ओढला की तो वाचणार होता. मी त्या राजाला रोज वाचवत होतो. एक टकले गृहस्थ तेल लावायचे आणि त्यांना केस यायचे. त्यांचे केस मी इतक्यांदा उगवताना पाहिले की मला त्यांच्याबद्दल घरच्यासारखं वाटायला लागलं होतं. आणि जेव्हा केव्हा मी फुली दाबायला गेलो, तेव्हा ती माझ्या अंगठ्यापुढे फारच लहान निघाली. फुलीऐवजी जाहिरातच दाबली जायची आणि फोनमध्ये काहीतरी नवीन येऊन बसायचं. ते आलेलंही पुन्हा आपापल्या जाहिराती दाखवायचं.

डेटा कमी होतोय हे मला दिसत होतं. मीटरवाल्याला एवढं तरी दिसणारच. मी आमच्या पद्धतीनं तपासणी केली. सगळी उपकरणं बंद करायची, तरी मीटर फिरत असेल तर गळती आहे. फोन बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवला. काढला तेव्हा आकडा तोच. म्हटलं, गळती नाही. मग फोन नुसता चालू करून, हात न लावता, ड्रॉवरमध्ये ठेवला. काढला तेव्हा आकडा घसरलेला, आणि टकल्या गृहस्थांचं तेल पडद्यावर वाट पाहत उभं!

आणि आता सोमवारी डेटा संपला. ताईंचा शेवटचा शब्द समोर होता : 'घोळ'. बाजूला वाळूचं घड्याळ आणि खाली 'आज संध्याकाळपर्यंत'. मी उठलो, शर्ट घातला.

सगळ्यात वरच्या मजल्यावर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. त्यांच्याकडे वायफाय आहे. मी गोष्ट सांगितली तशी त्यांना भलताच उत्साह आला. दुसऱ्याची अडचण त्यांना सूचनाफलकासारखी वाटते, लगेच काहीतरी लावावंसं वाटतं. "भाऊ, तुमचं मूळ दुखणं मला कळलंय," ते म्हणाले. "आधी डेटा वाचवणारं अ‍ॅप घ्या."

"आधी ही एक चाल—"

"चाल मागून. आधी मूळ दुखणं."

पासवर्ड त्यांनी स्वतःच घातला, वर तळहाताची झाकणी धरून. मी त्यांच्या दारासमोरच्या पायरीवर बसलो, कारण आत त्यांचे जावई कामाच्या मीटिंगमध्ये होते. डेटा वाचवणारं अ‍ॅप आलं. ते उघडल्यावर त्यानं पहिली गोष्ट काय सांगितली असेल? 'आपला किती डेटा वाचला हे जाणून घेण्यासाठी ही जाहिरात पाहा.' सेक्रेटरी म्हणाले, "पाहा, पाहा, फुकट आहे." पाहिली. मग त्यांनी फोन झाडून पुसून काढणारं एक अ‍ॅप घ्यायला लावलं. त्याच्या चित्रात केरसुणी होती, म्हणून मलाही विश्वास वाटला. त्या केरसुणीनं अख्खा फोन झाडला आणि सगळा केर पडद्यावर आणून ओतला. एकावर एक चौकोन. 'अनुमती द्या.' 'दिली.' 'अनुमती द्या.' "द्या हो, द्या," सेक्रेटरी म्हणत होते, "त्याशिवाय पुढे जात नाही ते."

सहावी का सातवी अनुमती दिली आणि फोन खच्चून ओरडला. आवाज कुणी वाढवला होता देव जाणे. एक मधाळ बाई पूर्ण जिन्याला ऐकू जाईल अशा सुरात म्हणाल्या, "एकटे आहात? तुमच्या अगदी जवळ राहणाऱ्या महिला तुमच्याशी बोलायला उत्सुक आहेत!"

तेवढ्यात खालून वहिनी येत होत्या, सेक्रेटरींच्या बायकोचं पोलकं द्यायला. त्या पायरीवरच थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं.

"वहिनी, हे मी नाही, हे केरसुणीनं—"

"मला ना, आज खूप कपडे द्यायचेत भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि पोलकं सेक्रेटरींच्या हातात कोंबून, पदर सावरत, आल्या त्याच्या दुप्पट वेगानं उतरल्या. मी फुली शोधत होतो. अंगठा ठेवला तिथे नेमकं 'होय, बोलायचं आहे' होतं.

या वयात, या जिन्यात, जिथून हिला खाली नेलं त्याच जिन्यात, माझी ही शोभा! मी फोन शर्टाखाली दाबून धरला. आतून बाई बोलतच होत्या. माझ्या पोटातून बायकांचा आवाज येतोय असं ते दृश्य होतं.

आणि मग सेक्रेटरींच्या घरातून जावई बाहेर आले, कानांवर हेडफोन, चेहरा पांढरा. "बाबा! नेट कोण खातंय? माझे साहेब अडकलेत!"

"अडकलेत म्हणजे?"

"पडद्यावर! तोंड उघडं ठेवून अडकलेत! मी पगारवाढ मागितली होती, ते 'हो' म्हणत होते का 'नाही', तेच कळत नाहीये!"

खाणारा माझ्या शर्टाखाली होता. वायफाय मिळाल्याबरोबर त्या फोननं, उपाशी माणूस पंगतीत बसावा तसा, सगळी अ‍ॅप्स नवीन करायला घेतली होती. सेक्रेटरींनी आत जाऊन वायरच उपटली. बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज बदललेला होता. "भाऊ, जिन्यात बसायला मनाई आहे. पाटी मीच लावलीय."

ळ तसाच. घोळ तसाच. वाळू मात्र बरीच खाली आलेली.

आता फोन कंपनीचं दुकान. मी घरून पिशवी घेतली आणि तिच्यात सगळे कागद भरले, ओळखपत्रं, जुनी बिलं, हिचा मृत्यूचा दाखलासुद्धा. नोकरीत मी पाहिलंय, जो कागद आणला नाही तोच मागतात. दुकानात थंड हवा होती, रांगेनं खुर्च्या होत्या आणि भिंतीवर एक यंत्र बाईच्या आवाजात टोकनांचे नंबर पुकारत होतं. आज सगळ्या बाया माझ्याशी यंत्रातूनच बोलत होत्या. माझा नंबर आल्यावर मात्र काउंटरला खरी बाई होती, चष्म्याची, दमलेली.

मी तक्रार सांगितली. तिनं संगणकात पाहिलं. "काका, डेटा वापरला गेलाय."

"मी नाही वापरला. जाहिरातींनी वापरला."

"फोन तुमच्याच हातात होता ना? मीटर खोटं बोलत नाही, काका."

हे वाक्य! हे माझं वाक्य होतं. नोकरीभर प्रत्येक दारात मी ते म्हणत आलो आणि ते ऐकून लोकांचा चेहरा कसा होतो ते पाहत आलो. आता तो चेहरा माझा होता, समोरच्या काचेत दिसत होता.

"बरं," मी म्हणालो, "मग मोठा प्लॅन द्या. आत्ताच्या आत्ता."

"देते की. नंबर कुणाच्या नावावर आहे?"

"बायकोच्या."

"मग त्यांना घेऊन या. त्यांची सही लागेल."

मी पिशवी छातीशी धरली. तिला वाटलं, काकांना समजलं नाही. तिनं समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं, मी नाव ठेवणार नाही. "हे पाहा, आजारी असतील तर डॉक्टरांचं पत्र आणा. बाहेरगावी असतील तर आल्यावर येऊ देत, घाई नाही. आणि धारक वारले असतील तर दाखला आणि अर्ज द्यायचा, मग आम्ही नंबर लगेच बंद करतो आणि काही दिवसांनी तुमच्या नावावर नव्यानं सुरू करतो."

"आणि त्या नंबरावर एखादा खेळ चालू असेल तर?"

"तो जाईल, काका. नंबर बंद झाला की त्याच्यावरचं सगळं जातं. तुमचं तुम्ही पहिल्यापासून सुरू करायचं."

ती कीबोर्डवर बोटं ठेवून थांबली. "मग? तुमच्या मिसेस...?"

नोकरीत मी रजिस्टरात एक आकडा कधी खोटा लिहिला नाही. हे सगळीकडे सांगत आलोय.

"बाहेरगावी गेलीय," मी म्हणालो.

"कधी येतील?"

"नक्की काही सांगितलं नाहीये तिनं."

तिचं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं. दाखल्याचा कोपरा वर आला होता, शिक्क्यासकट. तिनं तो पाहिला. मला वाटलं, आता संपलं. तिनं चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाली, "पिशवी नीट बंद करा काका, कागद पडतील. त्या आल्या की प्लॅनचं बघू. तोपर्यंत ग्राहकांसाठी इथलं वायफाय आहे. खुर्चीवर बसा, बसता येईल तेवढं."

मी खुर्चीवर अक्षरशः पडलो. वायफाय आलं! हिरवं बटण दाबलं. जाहिरात सुरू झाली, आणि बघा योग, ती याच कंपनीची : 'अमर्याद डेटा, आता सगळ्यांसाठी!' शेजारचे टोकनवाले गृहस्थ वाकून पाहायला लागले. "काय चाललंय?"

"ळ आलाय."

"ळ वरून शब्द? लई सोपं... लई..." आणि ते थांबले. त्यांच्या पलीकडच्या बाईंना त्यांनी विचारलं. त्यांनी पुढच्या रांगेत विचारलं. बघता बघता अख्खं दुकान ळ च्या मागे लागलं. एक रिक्षावाला म्हणाला, असणारच शब्द, एवढी मोठी भाषा आहे. एक निवृत्त मास्तर उभे राहून म्हणाले, नाहीच, असूच शकत नाही. यंत्र टोकन पुकारत होतं आणि कुणी उठत नव्हतं. जाहिरात मधेच अडकली, चाक गरगरायला लागलं, तसे सगळे श्वास रोखून माझ्याभोवती उभे राहिले. "हलवू नका!" "वर धरा, वर!" मी फोन डोक्यावर धरून खुर्चीवर चढलो. काउंटरवरची बाईसुद्धा उभी राहिली होती.

चाक थांबलं. सुटका मिळाली! कुठल्याही अक्षरावरून शब्द द्या.

"ळ द्या त्यांना!" रिक्षावाला ओरडला. "सोडू नका, ळ द्या!" "ळ! ळ!" सगळं दुकान म्हणत होतं. मला वाटत होतं ताईंना सोपं काहीतरी द्यावं, बिचाऱ्या एकट्या असतात. पण मग ही आठवली, स्वयंपाकघरात हसणारी. तिनं सोपं दिलंच नसतं. ख वर बोट ठेवलं आणि लिहिलं : 'खट्याळ'. अक्षरं दोनदा तपासली. पाठवलं. वाळूचं घड्याळ उलटलं आणि ताईंच्या बाजूला गेलं. मास्तरांनी माझा हात धरून मला खुर्चीवरून उतरवलं आणि म्हणाले, "शुद्धलेखन उत्तम."

दुकानातून बाहेर पडतोय तोच माझा बटणांचा फोन वाजला.

"खट्याळ? मला खट्याळ म्हणता, मीटरवाले?"

"ताई, तुम्हीच मला घोळ दिलात. माझा आजचा दिवस बघितला असता तर—"

"मग काय करू? ळ दिला नाही तर तुम्ही फोन करता का? ळ आला की कसे लगेच, 'ताई, आता हो काय करायचं?' सोपं अक्षर दिलं तेव्हा आठवडाभर तुमचा आवाज नाही. तुम्ही तिकडे जेवलात की नाही, मला कुणी सांगायचं?"

मी फुटपाथवर उभा राहिलो. लोक बाजूनं जात होते.

"जेवलो नाही अजून," मी म्हणालो.

"वाटलंच. जा, जेवा. आणि ऐका, माझाही डेटा संपत आलाय. तुमच्या या ळ साठी जाहिरात पाहायला मला शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसावं लागणार. मागच्या वेळी मी तिच्याकडे बसून जाहिरातीत चुकून तिच्या सुनेचा नंबर भरला आणि तिला वजन कमी करायच्या वर्गात घातलं. अजून बोलत नाही ती माझ्याशी."

"मग सोपं अक्षर देऊ का पुढच्या वेळी?"

"खबरदार," ताई म्हणाल्या. "ती असताना कधी सोपं आलं नाही मला."

घरी आल्यावर मी वहिनींच्या दाराशी जाऊन उभा राहिलो आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं, केरसुणीसकट. त्या आधी ऐकेनात, मग हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या की टाचण्या गिळतील की काय अशी मला भीती वाटली. त्यांनीच मग फोन घेऊन केरसुणी काढून टाकली, राजाला बुडू दिलं, टकल्या गृहस्थांना निरोप दिला. त्यांच्या अंगठ्याला फुली बरोबर सापडते. सेक्रेटरींच्या जावयांना पगारवाढ मिळाल्याचं दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हापासून सेक्रेटरी मला जिन्यात बसा म्हणतात. मी बसत नाही.

ताईंनी शेजारणीच्या ओट्यावरून चाल दिली आहे, ती मी दुकानातल्या वायफायवर पाहिली. पुन्हा ळ आहे. डाव चालू आहे.

नंबर अजून हिच्याच नावावर आहे. दाखला जोडून अर्ज द्यायचा आहे, तो मी दिलेला नाही.